नस पाहून पुस्तक

शाळा सुटल्यापासून ताईंनी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, आणि त्याची त्यांना कधी खंतही वाटली नव्हती. लॅबच्या कोर्सची जाडजूड पुस्तकं यात धरायची नाहीत. ती त्यांनी वाचली नव्हती, पाठ केली होती.

चष्म्याच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर रक्त तपासायची लॅब होती. सकाळी साडेसहाला शटर वर जायचं आणि पावणेसातपर्यंत लोखंडी खुर्च्या भरायच्या. सगळे उपाशीपोटी, चहाला मुकलेले, घड्याळाकडे डोळे लावून बसलेले. उपाशी माणसाच्या वाटेला जाऊ नये म्हणतात. ताईंच्या वाटेला तर रोज अशी पन्नास-साठ माणसं यायची, आणि वर त्यांना सुई टोचायची. अठरा वर्षं हेच काम. हात मात्र असा हलका, की एक तान्हं पोर आईच्या मांडीवर झोपेतून न उठता दोन ट्यूब रक्त देऊन गेलं होतं. डॉक्टर मॅडम, म्हणजे लॅबच्या मालकीणबाई, ही गोष्ट प्रत्येक नव्या पेशंटला सांगायच्या. पोर आता दहावीला होतं.

पुस्तकांचं प्रकरण सुरू झालं ते अग्निशमन दलातल्या एका जवानापासून. वार्षिक तपासणीला आला होता. सहा फूट उंच, दरवाजातून आत आला तर उजेड अडला. पेटत्या इमारतीत शिरणारा हा गडी सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज ऐकूनच पांढराफटक पडला. ताईंनी दंडाला रबरी पट्टा बांधला तर नस गायब. भ्यायलेल्या माणसाची नस आत दडी मारते. त्याला बोलण्यात गुंतवायला हवं होतं, तेवढ्यात त्याच्या काखेत वाचनालयाचं एक जाड पुस्तक दिसलं.

"काय वाचताय?"

"हे? कादंबरी आहे. दोन भाऊ डोंगरावर विहीर खणत असतात."

"डोंगरावर? पाणी लागतं का तिथे?"

झालं, गडी सुटला. मोठा भाऊ खाली उतरतो, धाकटा वरून दोर धरतो, गावातले लोक हसतात, चाळीस हात गेले तरी खडकच.

"आणि मग?"

"मग एक दिवस दोर तुटतो. मोठा जातो."

"कुठे?"

"वर. म्हणजे खालीच, पण… वारतो हो."

"अरेरे," म्हणत ताईंनी कापसाचा बोळा त्याच्या हातावर दाबला. "दाबून धरा. झालं."

"झालं? टोचलीत कधी?"

त्याच्यानंतरचे होते कर सल्लागार. कुरकुऱ्या स्वभावाचे. गावातल्या प्रत्येक लॅबशी एकेकदा भांडून शेवटी इथे आलेले. त्यांच्याशी काय बोलायचं? ताईंनी मागचंच पुढे ढकललं. "तुम्ही ते विहीर खणणाऱ्या भावांचं पुस्तक वाचलंत का हो? फार सुंदर आहे म्हणे." सल्लागार चपापले. गेल्या वीस वर्षांत त्यांना कुणी आकड्यांखेरीज काही विचारलं नव्हतं. विरघळले, आणि आपणही तरुणपणी पूल बांधणाऱ्या एका इंजिनिअरचं आत्मचरित्र कसं एका बैठकीत संपवलं ते सांगत बसले. ताईंनी विहिरीच्या पुस्तकाचं नाव त्यांच्या पावतीच्या मागे लिहून दिलं आणि पुढच्या बाईंना पूल बांधणारा इंजिनिअर सांगितला.

अशी ही साखळी. एका दंडाकडून ऐकायचं, दुसऱ्या दंडाला सांगायचं, पावतीमागे नाव लिहून द्यायचं. यात निवड, अभ्यास, अभिरुची असलं काही नव्हतं. टोकन नंबर होता.

पण माणसाचं डोकं मोठं विचित्र. योगायोगाने मिळालेली गोष्ट त्याला खास आपल्यासाठीच पाठवलेली वाटते. एका वृद्ध बाईंच्या आधी कॉलेजातले कीटकशास्त्राचे प्राध्यापक बसले होते, म्हणून बाईंना मुंग्यांवरचं पुस्तक मिळालं. पंधरवड्याने बाई परत आल्या त्या ताईंचा हात धरूनच. "आमचे हे गेल्यापासून घरात माझ्याशिवाय हलतंय-फिरतंय असं म्हणजे फक्त मुंग्या. मी त्यांच्याशी बोलते, हे मी मुलीलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं गं बाई?"

आता त्यांना काय सांगणार, की तुमचा नंबर तेवीस होता म्हणून? ताई अवघडल्या आणि हसून म्हणाल्या, "नसेतून कळतं."

बोलून चालून गंमत होती. पण लोखंडी खुर्च्यांवर बसलेल्या चौदा उपाशी माणसांपैकी एकही हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या मनगटाकडे पाहिलं.

महिन्याभरात गावभर झालं. चष्म्यावाल्याच्या वर एक बाई आहे, नस बघून तुम्हाला कुठलं पुस्तक लागतंय ते सांगते. डॉक्टरची चिठ्ठी नसलेले लोक यायला लागले. एक तरुण आला आणि म्हणाला, "मला तपासणी नकोय, नुसतं पुस्तक सांगा." ताई कामात होत्या, वैतागून म्हणाल्या, "रक्त काढल्याशिवाय कसं सांगू?" त्याने बाही वर केली. काढलंच आहे तर लावू या म्हणून मॅडमनी तपासायला लावलं, तर साखर दोनशे ऐंशी. त्या पुस्तकाने आपला जीव वाचवला असं तो अजूनही भेटेल त्याला सांगतो. पुस्तक त्याने वाचलेलं नाही.

मॅडमनी संधी साधली. 'थायरॉइड तपासणीवर सवलत' या फलकाच्या खाली, त्याच रंगात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरा फलक लागला: 'वाचनाविषयी सल्ला. उपाशीपोटी येण्याची गरज नाही.'

सर्वांत जास्त खपलं ते विहिरीचं पुस्तक. कारण साधं होतं. एखादा पेशंट घुम्यासारखा बसला आणि काहीच बोलला नाही, तर पुढच्याला सांगायला ताईंकडे तेच एक, मोठ्या भावाच्या मरणासकट, तोंडपाठ होतं. दोन वर्षांत निदान ऐंशी पावत्यांमागे त्याचं नाव गेलं असेल. आणि लोक येऊन सांगत, "ताई, काय पुस्तक दिलंत हो! तो मोठा भाऊ जातो ना, तिथे अगदी गलबलून आलं." मास्तर, बँकेतल्या बाई, पोलीस, सगळे गलबललेले. एक इस्त्रीवाली तेवढी अपवाद. लॅबच्या समोरच्या गल्लीत तिचं दुकान, दर तीन महिन्यांनी थायरॉइडसाठी यायची. पावतीमागचं नाव वाचून "वाचलंय" एवढंच म्हणाली आणि दुसरीकडे बघत बसली. ताईंना वाटलं, खडूस आहे.

आणि मग एके दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष आले. कोर्टातले निवृत्त लघुलेखक. जन्मभर दुसऱ्याचं बोलणं भरभर टिपण्यात गेलं, म्हणून आता स्वतः अतिशय सावकाश बोलायचे. हातात सुई असतानाच त्यांनी सुरुवात केली आणि बोळा दाबून झाला तरी मुद्द्यावर येत होते.

"आमच्या… कार्यकारिणीने… एकमताने ठरवलंय. यंदाचा उत्कृष्ट वाचक पुरस्कार… तुम्हाला."

"मला? अहो काका, मी कुठे वाचते!"

काकांनी डोळे मिटून मान डोलावली. "हेच. हेच अपेक्षित होतं. खरा वाचक… असंच म्हणतो."

"नाही हो, खरंच. मी तुमच्या वाचनालयाची मेंबरसुद्धा नाही."

"म्हणजे… विकत घेऊन वाचता." काकांच्या चेहऱ्यावरचा आदर दुप्पट झाला.

ताई घरी गेल्या त्या डोकं धरूनच. नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटरचे आकडे घ्यायला घरोघर फिरायचा. तो ऐकून पलंगावर आडवा होऊन हसला. "या घरात रीडिंग करणारा मी एकटाच. पुरस्कार कुणाला, तर तुला! अगं, औषधाच्या बाटलीवरचंही मला वाचायला लावतेस तू."

"तिथे अक्षर बारीक असतं."

सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जा गं. पोहता न येणारी माणसंही तलावाचं उद्घाटन करतातच की."

पण ताईंच्या मनाला लागलं. अठरा वर्षांत त्यांनी कुणाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिलं नव्हतं. प्रत्येक ट्यूबवर ज्याचं त्याचं नाव, दोनदा तपासून. आणि इथे सरळसरळ दुसऱ्यांचं वाचन आपल्या नावावर चढत होतं. त्यांनी ठरवलं, निदान एक पुस्तक तरी वाचायचं. ऐंशी जणांना जे सांगितलं, तेच.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्या वाचनालयात गेल्या, सभासद झाल्या आणि भीत भीत म्हणाल्या, "ते विहिरीचं पुस्तक… आता वेटिंग असेल ना?"

"कसलं वेटिंग? आहे की आत," ग्रंथपाल म्हणाला. "ते कुठे जातंय!"

शेवटच्या पानाला तारखांचे शिक्के मारायचा कागद चिकटवलेला होता. त्यावर गेल्या अडीच वर्षांतले तीन शिक्के. ताईंना वाटलं, बाकीच्यांनी विकत घेऊन वाचलं असेल. लघुलेखक काकांचाच तर्क.

दुपारी दोन ते चार लॅबमध्ये गर्दी नसायची. ताई आतल्या खोलीत, रक्ताचा फ्रिज आणि ट्यूब गरगर फिरवायचं मशीन यांच्या मधल्या स्टुलावर बसून वाचायला लागल्या. पहिले चार दिवस पान दहावरून पुढे सरकेना. पाचव्या दिवशी भाऊ भांडले आणि ताईंनी स्टूल पुढे ओढलं. बाराव्या दिवशी दोर तुटला. ताईंनी नाकाला पदर लावून पान उलटलं, कारण आता मोठा मरणार हे त्यांना ऐंशी जणांनी सांगितलं होतं.

मोठा मेला नाही.

त्याला वर काढतात. तो उठतो, कपडे झटकतो, धाकट्याकडे एकदा बघतो आणि एक शब्दही न बोलता गाव सोडून चालायला लागतो. पुढची दोनशे पानं तो आगबोटीवर आचारी असतो. शेवटी पिकल्या केसांनी परत येतो, तर विहिरीला केव्हाचं पाणी लागलेलं. तो एक घोट घेतो, म्हणतो, "मचूळ आहे," आणि पुस्तक संपतं.

ताईंनी दोर तुटतो ते पान पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मग मास्तर आठवले, बँकेतल्या बाई आठवल्या, त्यांचं गलबलणं आठवलं. त्या दुपारी कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडून एका माणसाची नस चुकली.

योगायोग असा की त्याच आठवड्यात अग्निशमनवाला जवान तपासणीला आला. ताईंनी पट्टा बांधता बांधताच विचारलं, "काय हो, तो मोठा भाऊ मरतो, ते कितव्या पानावर?"

गडी कानापर्यंत लाल झाला. "ताई, खरं सांगू? दोर तुटतो तिथवरच वाचलं होतं. मग सलग ड्युटी लागली, पुस्तक परत करायची तारीख उलटली, देऊन टाकलं. पण मी अंदाजाने सांगितलं. चाळीस हात खोल विहीर, दोर तुटलेला. एवढ्या वर्षांच्या नोकरीवरून सांगतो, असा माणूस वाचत नाही."

"माणूस वाचतो," ताई म्हणाल्या. "तुम्ही वाचलं नाहीत."

समारंभ वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होता. पन्नास खुर्च्या, टेबलावर कडक इस्त्रीचं पांढरं कापड, गुच्छ, आणि भेट द्यायला एक भिंतीवरचं घड्याळ. मॅडम पहिल्या रांगेत. नवरा आणि सासूबाई दुसऱ्या. बाकी सगळे ओळखीचे दंड. ताईंना चेहऱ्यांपेक्षा दंडच जास्त लक्षात असायचे. काकांनी सावकाश प्रास्ताविक केलं. त्यात 'ज्ञानगंगा' तीनदा आली. मग ताई उभ्या राहिल्या. घरून ठरवूनच निघाल्या होत्या, सगळं खरं सांगून टाकायचं आणि घड्याळ न घेता परत यायचं.

"मी आयुष्यात एकच पुस्तक पूर्ण वाचलंय," त्या म्हणाल्या. "तेही मागच्या महिन्यात."

हॉल हशाने भरला. टाळ्या पडल्या. काकांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. बघा, मी काय म्हणत होतो!

"हसू नका हो. खरंच सांगतेय. ते विहिरीचं. तुमच्यापैकी कुणी कुणी वाचलंय?"

पाच-पंचवीस हात वर झाले. मॅडमचाही.

 बोलायचं होतं ते ताईंच्या ओठावर आलं, पण समोर त्या मुंग्यांवाल्या बाईंची डोलणारी मान दिसली, बँकेतल्या बाईंचं कौतुकाने भरलेलं तोंड दिसलं, आणि माणसाला दुखू न देता टोचायची अठरा वर्षांची सवय आडवी आली. त्यांनी वेगळंच विचारलं. "मग… मोठा भाऊ जातो तेव्हा रडू आलं का?"

"आलं, आलं," असे आवाज उठले. काकांनी चष्मा काढून पुसला.

"मोठा मरत नाही."

आवाज मागून आला होता. शेवटच्या रांगेत इस्त्रीवाली उभी होती. "आगबोटीवर आचारी होतो. सोळा वर्षं कांदे चिरतो. मरत कुठेच नाही."

 पंचवीस हात हळूहळू खाली आले. शेवटी काका उठले, कारण अध्यक्ष तेच होते.

"कादंबरीत," ते अतिशय सावकाश म्हणाले, "मृत्यू… अनेक पातळ्यांवर… घडत असतो. प्रत्येक वाचकाला… आपापला मोठा भाऊ सापडतो."

सुटकेच्या टाळ्या कडाडल्या. ताईंच्या हातात घड्याळ आलं, फोटो निघाला, आणि नवरा सासूबाईंच्या कानात म्हणाला, "म्हणजे मेला की नाही?" सासूबाई म्हणाल्या, "तू गप्प बस."

जिन्यात ताईंनी इस्त्रीवालीला गाठलं. "तुम्ही वाचलंय."

"दोनदा. दुसऱ्यांदा तुमच्यामुळे. तुम्ही मोठा मरतो म्हणालात, तेव्हा वाटलं, आपलंच काही चुकलं असेल."

ताईंच्या डोळ्यांपुढे ते तीन शिक्के आले. एक जवानाचा. दोन हिचे.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"सुई तुमच्या हातात होती."

"एकोणीस वर्षं मेंबर आहे मी," ती पुढे म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "आज टेबलावर होतं ना, ते कापड माझ्याच हातचं."

 ताईंनी घड्याळाचा खोका तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, दुकानात घड्याळ आहे. मग ताईंनी विचारलं, "आवडलं का पुस्तक?"

"नाही. तो धाकटा फार बोलतो."

"अहो, पण बोलायला तोच उरलाय ना मागे! त्याने नको बोलायला?"

"सोळा वर्षं तेच तेच?"

"मग काय करील? दोर त्याच्या हातातून सुटला होता."

"सुटला नव्हता, तुटला होता. नीट वाचा."

"नीटच वाचलंय. तीनदा वाचलंय ते पान."

शिपायाने कुलूप वाजवून दाखवलं तेव्हा कुठे दोघी रस्त्यावर आल्या, आणि तिथेही पंधरा मिनिटं उभ्या होत्या. नवरा आणि सासूबाई केव्हाच घरी गेले होते.

ताईंना वाचनाची गोडी लागली ती अशी. आता गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण लॅबमध्ये भलतंच घडायला लागलं. पुस्तकं वाचल्यावर माणसाला मतं येतात. कर सल्लागार पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचं कौतुक सांगायला लागले, तर ताई म्हणाल्या, "ठीक आहे, पण शेवटची पन्नास पानं नुसतं वरिष्ठांच्या नावाने बोटं मोडलीयेत."

"बोटं मोडलीयेत? तो सत्य सांगतोय!"

"सत्य एकदा सांगावं. मूठ आवळा."

सल्लागारांनी मूठ अशी आवळली की नस खोल गेली. दोनदा टोचावं लागलं, दंड काळानिळा झाला. मुंग्यांवाल्या बाईंना ताईंनी प्रेमाने सांगितलं की त्याहून चांगलं मुंग्यांवरचं पुस्तक आहे, हे जरा उथळच आहे. बाईंचा चेहरा पडला. त्या परत आल्या नाहीत, तपासणीलाही. पंधरा दिवसांत चार तक्रारी. अठरा वर्षांत मिळून तेवढ्या नव्हत्या.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "अगं, काय चाललंय तुझं?"

"मॅडम, लोक पुस्तकाविषयी काहीही बोलतात."

"बोलू देत ना! तू पूर्वी कसं छान हं-हं करायचीस. तशीच कर. न वाचता सांगत जा."

"आता वाचलंय त्याचं काय करू?"

"ते घरी वाचत जा," मॅडम म्हणाल्या. "इथे विसर."

ताईंना राग आला, पण बाई समजूतदार. मुंग्यांवाल्या बाईंच्या घरी त्या स्वतः जाऊन आल्या आणि तेच जुनं पुस्तक कसं चांगलं आहे ते तासभर ऐकून घेतलं. लॅबमध्ये पुन्हा टोकन नंबर सुरू झाला. तेविसावा सांगतो ते चोविसाव्याला. कुणी म्हणालं मोठा मेला, की ताई म्हणतात, "अरेरे, दाबून धरा." नस एकदाही चुकत नाही. फलक तसाच आहे, फक्त मॅडमनी त्यावर 'पुरस्कारप्राप्त' हा शब्द वाढवून घेतलाय.

मतं मात्र कुठेतरी काढावीच लागतात. म्हणून आठवड्यातून दोन दुपारी ताई समोरच्या गल्लीत जातात. इस्त्रीवाली टेबलाच्या एका बाजूला शर्टाची कॉलर दाबत असते, ताई दुसऱ्या बाजूला कपड्यांच्या गाठोड्यावर बसतात, आणि जे जुंपतं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. एकदा वादाच्या भरात एका वकिलाचा कोट जळला. दोन वर्षांत एकवीस पुस्तकं झाली. वीस पुस्तकांवर भांडण झालं. एकविसाव्या पुस्तकावर दोघींचं अगदी पहिल्या पानापासून एकमत झालं, दोघींनाही ते सारखंच आवडलं. त्या दिवशी बोलायला काही उरलं नाही. ताईंनी थोडा वेळ घड्या घालायला मदत केली आणि लवकरच लॅबमध्ये परत आल्या.